‘त्याला काय कळतंय?’

काही वाक्यांच्या शेवटी प्रश्नचिन्ह असते, पण ती प्रश्न म्हणून कोणी विचारीत नाही. तो निकाल असतो. ‘त्याला काय कळतंय?’ हे अशांपैकी एक वाक्य. आमच्या देवणीत ते जितक्या सहजपणे कानी पडते तितक्याच सहजपणे लातुरात, पुण्यात आणि मुंबईतही पडते. घरात पंचवीस-तीस वर्षांचा एखादा मुलगा असतो. बोलताना तो डोळ्याला डोळा भिडवीत नाही. विचारलेल्या गोष्टीचे उत्तर उशिरा देतो, कधी विचारलेले वाक्यच जसेच्या तसे परत म्हणतो, आणि पाहुण्यांचा गलका वाढला की उठून परसात जाऊन बसतो. पाहुणे त्याच्याविषयी त्याच्याच देखत, तो तेथे नाहीच अशा थाटात बोलत राहतात. त्याच्या आईने डोळ्यांनी खुणावले तर उत्तर ठरलेले : ‘अहो वहिनी, त्याला काय कळतंय?’ मुलगी असेल तर ‘तिला’. एवढाच काय तो फरक.

या वाक्याविरुद्ध आज मला फिर्याद मांडावयाची आहे. चकली-करंजीच्या ताटाशेजारी उघडल्या जाणाऱ्या अंकात असला तंट्याचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे की, नातेवाईक जमतात ते दिवाळीत, आणि हे वाक्य उच्चारणारे बहुधा नातेवाईकच असतात. तेव्हा फिर्याद दाखल करावयाची तर हीच वेळ योग्य.

माझे म्हणणे थोडक्यात असे : स्वमग्न म्हणून ज्यांची नोंद होते ती प्रौढ माणसे ऐकताना तुमच्या-आमच्यासारखीच पुढच्या शब्दाचा अंदाज बांधीत असतात. हे आता मोजून पाहिले गेले आहे. कुठे फरक सापडला तर तो क्षणाच्या एका तुकड्याएवढा आहे. त्या तुकड्यावरून आपण माणसाच्या समजुतीचा निकाल लावतो, आणि पुढे त्याच निकालाच्या बळावर त्याची नोकरी, त्याची जमीन आणि त्याचा शब्द त्याच्या हातून काढून घेतो.

प्रथम या नावाचाच समाचार घेतला पाहिजे. ‘ऑटिझम’ हा शब्द ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडवला, आणि तोही एका निराळ्याच विकाराच्या वर्णनासाठी. १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरने अकरा मुलांची हकिगत लिहिताना तो उचलला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्परगर यानेही तोच वापरला. इंग्रजी वाचणाऱ्याच्या कानाला त्या शब्दातले ग्रीक आज ऐकू येत नाही. त्याला ते नुसते नाव असते, मलेरिया किंवा टायफॉइड असावे तसे. आपण मात्र त्याचे भाषांतर केले : स्वमग्न. ग्रीकमध्ये पुरलेला अर्थ आपण उकरून अंगणात मांडला. हे नाव कानी पडताच ऐकणारा समजतो की हा माणूस आपल्यातच बुडालेला आहे आणि बाहेरचे काही त्याच्या कानी जात नाही. म्हणजे तपासणी व्हायची ती पुढे. निकाल नावातच छापून तयार! वास्तविक एकाग्रतेने ऐकणारा माणूस आणि मुळीच न ऐकणारा माणूस बाहेरून पुष्कळदा सारखेच दिसतात. कीर्तनात डोळे मिटून बसलेल्या म्हाताऱ्याला आपण तल्लीन म्हणतो. खाली मान घालून बसलेल्या या मुलाला स्वमग्न म्हणतो. शब्द कागदोपत्री रुळला आहे म्हणून मीही येथे तोच वापरणार आहे. पण वाचकांनी तो नुसते नाव म्हणून घ्यावा, वर्णन म्हणून घेऊ नये.

आता मुद्द्याकडे वळू. ऐकणे म्हणजे काय? शब्द एकामागून एक गोळा करावेत, वाक्य संपले की त्यांची मोळी सोडून अर्थ लावावा, असे ते काम नाही. तसे असते तर दोन माणसांचे संभाषण एक दिवसही चालते ना. ‘गाईची धार’ एवढे कानी पडले की ‘काढली’ हा शब्द आपल्या मनात आधीच येऊन उभा राहतो. ‘मुलाला भूक’ म्हटले की ‘लागली’ हे बोलणाऱ्याने सांगण्याची वाट आपण पाहत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे आपल्याला हा धंदा जन्मभर करावा लागतो. त्यासाठी भाषेने आपल्याला खुणाही पुष्कळ दिल्या आहेत. ‘काळी’ असे विशेषण आले की पुढे गाय, म्हैस किंवा माती येणार, बैल येणार नाही. ‘काळा’ आले की बैल येऊ शकतो. ‘काळे’ आले तर वासरू. ‘सालगड्याने’ यातला ‘ने’ ऐकला की त्याने काहीतरी करून ठेवलेले आहे, हे पुढचा शब्द यायच्या आधी समजते.

आमच्या गावचाच एक दाखला देतो. देवणीचे नाव बाहेर माहीत आहे ते देवणी जातीच्या गाईबैलांमुळे. या जातीत रंगावरून तीन प्रकार मानतात. सगळे अंग पांढरे तो बालंक्या. अंग पांढरे पण तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या तो वानेरा. आणि अंगावर काळेपांढरे डाग तो शेवेरा, म्हणजेच वाघ्या. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात कोणी ‘वानेरा’ एवढाच शब्द उच्चारला तरी इकडच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे काळ्या तोंडाचे जनावर उभे राहते, आणि वाक्य पुरे होईतो तो मनाने त्याचे दात पाहायला निघालेला असतो. पुण्याचा एखादा विद्वान शेजारी उभा असेल तर त्याच्या मनात त्या शब्दासरशी काहीही उमटणार नाही. बाजारातले लोक त्याला हसतील, पण त्याची बुद्धी गेली असे कोणी म्हणणार नाही. अंदाज हा अनुभवावर चालतो आणि ज्याचा अनुभव निराळा त्याचा अंदाज निराळा, इतका समजूतदारपणा बाजारातही असतो.

हा अंदाज डोळ्यांनी पकडता येतो. १९९९ साली इंग्लंडमध्ये गेरी ऑल्टमन आणि युकी कामिदे यांनी एक साधी युक्ती केली. ऐकणाऱ्यापुढे एक चित्र ठेवावयाचे : एक मुलगा, एक केक आणि काही खेळणी. कानावर इंग्रजी वाक्य घालावयाचे, ज्यात ‘मुलगा खाईल’ हे आधी येते आणि ‘केक’ मागून. नजर कुठे जाते ते यंत्राने टिपावयाचे. ‘खाईल’ एवढे ऐकताच, ‘केक’ हा शब्द येण्यापूर्वीच, नजर केकवर गेलेली आढळली. कारण चित्रात खाण्याजोगे तेवढेच होते. क्रियापद शेवटी असणाऱ्या भाषांचे काय, ही शंका कामिदे आणि सहकाऱ्यांनी २००३ साली जपानीवर प्रयोग करून फेडली. जपानीतही आपल्याप्रमाणे क्रियापद शेवटी येते. तेथे ऐकणारे नामांना लागलेल्या प्रत्ययांवरूनच पुढचा अंदाज बांधतात.

याच युक्तीने स्वमग्न प्रौढांचे ऐकणे तपासले गेले. इंग्लंडमधील केंट विद्यापीठात माहसा बारझी, हेदर फर्ग्युसन आणि त्यांचे सहकारी यांनी केलेले हे काम २०२० साली प्रसिद्ध झाले. ‘आम्ही खरेदीला गेलो की मी माझ्या आवडीची अमुक वस्तू शोधतो’ अशा धर्तीची वाक्ये त्यांनी कधी मोठ्या माणसाच्या, तर कधी लहान मुलाच्या आवाजात ऐकवली. पुढे चित्रात वाइनची बाटली होती आणि गोळ्या-मिठाईही होती. म्हणजे केवळ शब्दांवरून भागणार नाही. बोलतो कोण आहे हे ओळखून, त्याच्या तोंडी काय शोभेल याचा विचार करून नजर हलवावयाची. ‘यांना शब्दांचा अर्थ कळतो पण माणूस कळत नाही’ असे ज्यांच्याविषयी वर्षानुवर्षे सांगितले गेले, त्यांच्यासाठी याहून कठीण परीक्षा कोणती?

निकाल असा लागला. दोन्ही गटांची नजर, तो निर्णायक शब्द येण्याच्या कितीतरी आधी, आवाजाला शोभणाऱ्या वस्तूकडे वळली. स्वमग्न नसलेल्यांची नजर शब्दाच्या २,२४० सहस्रांश सेकंद आधी वळू लागली, स्वमग्नांची १,८०० सहस्रांश सेकंद आधी. दुसऱ्या प्रयोगात मेंदूतील विद्युत्‌लहरी मोजल्या. वाक्यात न शोभणारा शब्द आला की सुमारे चारशे सहस्रांश सेकंदांनी मेंदूत एक विशिष्ट लहर उसळते, हे १९८० साली मार्ता कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी दाखवले होते. मुलाच्या आवाजात वाइनचे नाव आले तेव्हा ही लहर दोन्ही गटांत सारखीच उसळली.

आता या दोन आकड्यांतली वजाबाकी करा. ४४० सहस्रांश सेकंद, म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी! ज्याला दोषच शोधावयाचा आहे तो म्हणेल, ‘पाहा, मागे पडला की नाही?’ मी म्हणतो, उदगीरच्या स्टेशनावर एक जण गाडी सुटण्याआधी सव्वादोन मिनिटे आला आणि दुसरा पावणेदोन मिनिटे आधी आला, तर त्या दुसऱ्याची गाडी चुकली असे तुम्ही लिहून ठेवाल काय? दोघेही फलाटावर उभे होते. दोघांनाही गाडी मिळाली.

मग हा अर्धा सेकंद आपल्याला एवढा का खुपतो? कारण आपले संभाषण त्याहूनही घाईत चालते. २००९ साली टान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील दहा भाषांतली प्रश्नोत्तरे तपासली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा काळ सरासरीने सेकंदाच्या एक पंचमांशाच्या आसपास निघाला. पापणी लवते न लवते तोच आपण उत्तर मागतो. ज्याला त्याहून थोडा अधिक अवकाश लागतो त्याची पाळी दुसरा कोणीतरी हिसकावून घेतो, आणि पाळी हिसकावणाराच मागाहून सांगतो की हा बोलत नाही. मारुतीच्या पारावर जो सगळ्यांत आधी तोंड उघडतो तो शहाणा ठरत नाही, हे आपण जाणतो. तोच न्याय घरात लावावयाचे आपल्याला सुचत नाही.

माझा सगळ्यांत मोठा पुरावा याच्याही पुढचा आहे, आणि तो आपल्याच देशातला आहे. २०१२ साली रमेश मिश्रा, फाल्क ह्यूटिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर हिंदुस्थानात हिंदी बोलणाऱ्यांवर असाच प्रयोग केला. एका बाजूला विद्यापीठातले विद्यार्थी होते, दुसऱ्या बाजूला जेमतेम शाळा पाहिलेले लोक होते. हिंदीतही विशेषणाला लिंग असते. ‘ऊंचा’ म्हटले की ‘दरवाजा’ येऊ शकतो, ‘खिड़की’ नाही. विद्यार्थ्यांची नजर विशेषण ऐकताच योग्य वस्तूकडे गेली. न शिकलेल्यांची नजर नाम ऐकल्यानंतरच गेली. फरक स्पष्ट होता. पण त्यावरून कोणी असे म्हटले काय, की न शिकलेल्या माणसाला हिंदी समजत नाही? त्याच्या डोक्यात बिघाड आहे? त्याने आपल्या शेताच्या कागदावर सही करू नये? वाचनाच्या सवयीमुळे असा फरक पडू शकतो, असे म्हणून आपण गप्प बसलो, आणि ते योग्यच केले. तसलाच फरक, तोही याहून पुसट, स्वमग्न माणसात आढळला की आपल्याला लगेच रोग दिसतो. एकाच मापाने दोघांना मोजावयाचे नाही असे आपण ठरवलेच आहे काय?

येथे विरोधी बाजूचेही ऐकले पाहिजे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे पवन सिन्हा, ज्यांनी भारतातल्या अंध मुलांना दृष्टी मिळवून देणारा ‘प्रकाश’ प्रकल्प उभारला, त्यांनी व सहकाऱ्यांनी २०१४ साली असे मांडले की ऑटिझमच्या मुळाशी पुढचे ताडण्याचीच अडचण असावी. पुढे काय होणार याचा अंदाज न आल्याने जग या माणसांना अचानक घडणाऱ्या घटनांची माळ वाटते, आणि म्हणून ती ठरलेल्या क्रमाला घट्ट धरून राहतात, असा तो विचार. विचार गंभीर आहे. तो थट्टेवारी नेण्याजोगा नाही. पण तो सगळ्या जगाविषयी आहे, आणि शब्दांच्या बाबतीत तो ताडून पाहिला तेव्हा पुरावा पुष्कळदा उलट बाजूने पडला. २००८ साली जॉन ब्रॉक आणि सहकाऱ्यांनी किशोरवयीन मुलांवर प्रयोग केला. संदर्भाचा उपयोग करण्यात जो फरक दिसला तो मुलाच्या भाषेवरील पकडीबरोबर कमीजास्त होत होता, ऑटिझम असण्या-नसण्याबरोबर नव्हे. २०१९ साली चिनी बोलणाऱ्या पाच वर्षांच्या स्वमग्न मुलांतही क्रियापदावरून पुढचे ताडण्याची शक्ती शाबूत आढळली.

दुसरा आक्षेप असा की, प्रयोगाच्या खोलीत शांतता असते. बाहेर ती कुठे मिळते? हे मला मान्य आहे, एवढेच नव्हे तर हाच माझा मुद्दा आहे. २००४ साली केंब्रिज येथील होसे अल्कांतारा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की गोंगाटात बोलणे ऐकून घेणे स्वमग्न माणसाला इतरांपेक्षा अवघड जाते. मग दूरदर्शनचा संच मोठ्याने चालू ठेवून, चार जणांनी एकदम बोलून, बाहेर लवंगी फटाक्यांची माळ लावून आपण त्याला प्रश्न विचारणार आणि उत्तर आले नाही म्हणून त्याला नापास करणार, यात परीक्षा कोणाची झाली? शिवाय उत्तर आले नाही की आपण तोच प्रश्न अधिक मोठ्याने, अधिक भरभर आणि निराळ्या शब्दांत विचारतो. त्याने पहिल्या वाक्यावर जो अंदाज उभा केला होता तो मोडून पडतो आणि बिचाऱ्याला पुन्हा पायापासून बांधणी करावी लागते. अशा तीन बांधण्या आपण मोडल्या की म्हणतो, ‘पाहिलंत?’

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. केंटमध्ये तपासलेली माणसे बोलणारी होती. ज्यांना बोलता येत नाही किंवा ज्यांची बुद्धीही कमी वाढली आहे, त्यांच्याविषयी या प्रयोगावरून काय सिद्ध होते? काही सिद्ध होत नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो. पण ‘काय कळतंय?’ हेही त्यावरून सिद्ध होत नाही. तोंडातून शब्द न येणे आणि डोक्यात अर्थ नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे जनावरांच्या बाजारात जाणाऱ्याला तरी सांगावे लागू नये. तेथे उपरण्याखाली बोटे धरून हजारोंचे सौदे तोंडातून चकार शब्द न काढता होतात.

खरे सांगावयाचे तर दोष एकट्या ऐकणाऱ्याच्या माथी मारण्याची रीतच तपासून पाहिली पाहिजे. डेमियन मिल्टन या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, २०१२ साली असे म्हटले की स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही हे जितके खरे तितकेच इतरांना त्याचे मन कळत नाही हेही खरे. अडचण दोघांच्या मध्ये आहे. आपली मुले कानगोष्टीचा खेळ खेळतात ना? एकाने दुसऱ्याच्या कानात सांगावयाचे, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी हाच खेळ प्रौढांकडून खेळवून घेतला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्वमग्नांच्या साखळीने गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोहोचवली. मिश्र साखळीत मात्र अधिक गळती झाली. २०२५ साली तीनशेहून अधिक माणसे घेऊन त्यांनी प्रयोग पुन्हा केला तेव्हा मिश्र साखळीतली ती गळतीही दिसली नाही. पण एक गोष्ट दोन्ही वेळा कायम राहिली : स्वमग्नांची साखळी कोठेही मागे पडली नाही.

आपली सरकारी मोजपट्टी मात्र एकाच बाजूला लावलेली आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली आणि २०१६ साली केंद्र सरकारने प्रमाणपत्रासाठी ठरवून दिलेली चाचणी चाळीस कलमांची आहे. प्रत्येक कलमाला एक ते पाच गुण. बेरीज सत्तरच्या खाली आली तर स्वमग्नता नाही. त्यात ‘ऐकलेलेच परत बोलतो’, ‘संभाषण सुरू करू वा चालू ठेवू शकत नाही’, ‘बोलण्यातला खरा अर्थ पकडू शकत नाही’ अशी कलमे आहेत. चाचणी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. तिच्यामुळे पुष्कळांना हक्काची मदत मिळते. पण या चाळिसांत ‘घरचे लोक उत्तराची वाट पाहतात काय?’ असे कलम नाही. संभाषण चालू ठेवायला दोन माणसे लागतात. गुण मात्र एकालाच पडतात.

कोणी म्हणेल, एवढा त्रागा कशासाठी? पाहुणा दोन घटका बोलून गेला, त्याने काय बिघडले? बिघडते ते सांगतो. हे वाक्य ओसरीवर थांबत नाही. ते वाटणीच्या बैठकीत जाऊन बसते. बाप वारला, भावकी जमली, सातबाऱ्यावर नावे चढवावयाची वेळ आली की तेच वाक्य पुन्हा निघते आणि त्याच्यामागून हक्कसोडपत्राचा कागद निघतो. ‘त्याला काय करायची जमीन? आम्ही सांभाळूच की!’ ज्याला जमीन सुटणार तोच त्याच्या समजुतीचा न्यायाधीश.

कायद्याने हे ओळखले आहे. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्याच्या यादीत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत त्याला जागा मिळाली. त्या कायद्याचे तेरावे कलम सांगते की अशा व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने स्थावर-जंगम मालमत्ता बाळगण्याचा, वारसाने मिळवण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार पाहण्याचा हक्क आहे. व्यवहारात मदतनीसाचा स्वतःचा स्वार्थ गुंतला असेल तर त्याने त्या व्यवहारात मदतीस उभे राहू नये, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. चौदावे कलम पालकत्वाविषयी आहे. त्यात कल्पना आहे ती मर्यादित पालकत्वाची : ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळापुरते, त्या माणसाच्या इच्छेला धरून आणि दोघांनी मिळून घेतलेल्या निर्णयाचे. दोघांनी मिळून, हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. मिळून निर्णय घ्यावयाचा तर त्याला विचारावे लागते, आणि विचारले तर उत्तर येईपर्यंत थांबावे लागते. म्हणजे जो अर्धा सेकंद आपण ओसरीवर देत नाही, तो कायद्याने आपल्याकडून मागितला आहे.

आपल्या बोलण्याच्या तऱ्हाही थोड्या पाहण्याजोग्या आहेत. आपण निघताना ‘येतो’ म्हणतो, नारळ फोडला की ‘वाढवला’ म्हणतो, बांगडी फुटली तर तीही ‘वाढवली’. हे रूढ झालेले आहे, आणि रूढ झालेले शिकता येते. त्यावर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पोकळ बोलण्यावर. ‘या ना एकदा फराळाला’ असे म्हणावयाचे, वार सांगावयाचा नाही, वेळ सांगावयाची नाही. आणि तो खरोखर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभा राहिला की आतल्या खोलीत हसावयाचे! त्याने आपल्या शब्दांवर विश्वास ठेवला. चुकले कोणाचे?

कॅनरने वर्णन केलेल्या अकरा मुलांपैकी पहिला, डोनाल्ड ट्रिपलेट, २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे लहानसे गाव आहे. तेथल्या बँकेत त्याने सहा दशकांहून अधिक काळ काम केले, मोटार चालवली, गोल्फ खेळला, एकट्याने परदेश पाहिले. घर सुखवस्तू होते आणि बँकेशी घराण्याचा संबंध होता, हे खरे. पण २०१० साली दोन पत्रकार त्या गावी गेले तेव्हा त्यांना आढळले की गावाने त्याला त्याच्या तऱ्हांसकट आपला मानला होता, आणि बाहेरच्याने त्याला त्रास देऊ नये म्हणून गाव पहाऱ्यावर होते. लहान गावाला हे जमते, कारण तेथे माणूस जन्मापासून ओळखीचा असतो. देवणीही लहानच आहे. वानेऱ्याच्या तोंडावरचा काळा डाग दुरून ओळखणाऱ्या गावाला आपल्या मुलाची बोलण्याची चाल ओळखणे जड जाऊ नये.

म्हणून, वाचकहो, या दिवाळीत चार गोष्टी करा असे माझे मागणे आहे. अशा मुलाला किंवा मुलीला काही विचारावयाचे असेल तर एकाच माणसाने विचारा, आणि त्या वेळी घरातला गलका बंद करा. एकदा विचारले की मनात दहा आकडे मोजा. त्या अवधीत प्रश्न बदलू नका आणि त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. निमंत्रण द्याल तर वार आणि वेळ सांगून द्या. आणि वाटणीचा, लग्नाचा, घर विकण्याचा विषय निघाला तर त्याला बैठकीत बसवा. काय ठरवावयाचे आहे ते त्याला आदल्या दिवशी सांगा, लिहिता-वाचता येत असेल तर लिहून द्या. शाळांतून, कचेऱ्यांतून मुलाखती घेणाऱ्यांनीही प्रश्न आधी लिहून द्यावेत. तोंडाच्या चपळाईची परीक्षा घेऊन हिशेबनीस निवडण्यात कचेरीचेही नुकसानच आहे.

एक मागणी विद्यापीठांकडे आहे. आपल्याकडे उदगिरी मराठी आहे, सीमेवरची कानडी मिसळलेली मराठी आहे, दखनी आहे. इकडच्या माणसाचे ऐकणे इकडच्या बोलीत तपासा. पुस्तकी वाक्ये ऐकवून त्याला मागास ठरवू नका.

एवढे करूनही कोणी फराळाला आलेला मामा किंवा आत्या ते जुनेच वाक्य बोललीच, तर घरच्यांनी भिडेखातर गप्प राहू नये. ‘त्याला सगळे कळते, त्यालाच विचारा,’ असे सांगावे. आणि मग सगळ्यांनी, मामांनी आणि आत्यांनीसुद्धा, त्याच्या उत्तराची वाट पाहावी.